करंजतळ्यावरील तोतया बदकांची मोहीम

श्रीमहालक्ष्मी विवळवेढेकरीण प्रसन्न. वाचणारांस लिहिणाराचा दंडवत. हकिकत ऐसी जे, शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, डहाणू तालुक्यात बोर्डी मुक्कामी, चुरी घराण्याच्या चिकूवाडीत, करंजतळे नामे तळ्यावर जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. या मोहिमेत बंदूक उडाली नाही आणि रक्त सांडले नाही, म्हणोन कोणी तीस हलकी मोजू नये; कारण तळे जावयाची वेळ आली होती, आणि तळ्यासवे एका माणसाचा जीव अर्धा जाणार होता.

तळ्याच्या धनीण मातुश्री हिरकणीबाईसाहेब चुरी. वयाने पासष्टीपुढे, अंगाने किरकोळ, हुकुमाने भारी. त्यांचे यजमान कैलासवासी दामोदरराव निवर्तून काही वर्षे लोटली होती. पोटी संतान नाही. पुतण्या राजश्री धनेशराव यांसच त्यांनी लहानाचे मोठे केले. धनेश हे नाव पक्ष्याचे, सबब यास पक्ष्यांचे वेड नावातूनच लागले ऐसे कित्येक म्हणतात. वास्तविक वेड तळ्याचे होते. याच तळ्यात काकांनी त्यास पोहावयास शिकविले, आणि याच बांधावर हिवाळ्यातील सकाळी मांडीवर बसवून बदके दाखविली. पुढे कोण्या वर्षी जेसीबी आणोन तळ्याचा गाळ काढिला, त्यात काठ उभे कापले गेले, आणि बदकांनी तळ्याची वाट सोडिली. काका गेले, बदके गेली, तळे राहिले.

मग धनेशराव यांनी बोईसर मुक्कामी कारखान्यातील चाकरी सोडून वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधिल्या, आणि रस्त्यावर पाटी लाविली, आणि पाटीवर बदकांचे चित्र काढविले. नवरात्रात अंधेरीहून एक कुटुंब आले, आणि दुर्बिणी गळ्यात घालोन दिवसभर तळ्याकाठी बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांस एक म्हैस दिसली. निघतेसमयी ते पुन्हा येतो ऐसे बोलिले. आणि पुन्हा येतो म्हणणारा पाहुणा पुन्हा येत नाही, हा सर्व मुलुखांचा अनुभव.

हे वर्तमान बाईसाहेबांस कळताच त्यांनी ओटीवर खासा दरबार भरवून, सून, म्हणजे धनेशरावांच्या पत्नी, सौभाग्यवती मयूरीबाई यांच्या रूबरू, हुकूम फर्माविला तो येणेप्रमाणे: की होळीपर्यंत तळ्यावर रानातले बदक उतरले तर तळे राहील, न उतरले तर भराव टाकून तळे बुजवावे, पावसात चिकूची कलमे लावावी, आणि धनेशने बोईसरास परत चाकरीवर जावे. चिकू तरी पाटीवर असतो तोच झाडावर असतो. ऐसे बोलून बाईसाहेब आत गेल्या आणि धनेशराव ओटीवर बसूनच राहिले. त्या रात्री त्यांस जेवण गेले नाही.

ऐसियासी दिवाळीस मयूरीबाईंचे बंधू प्रितेशराव अमेरिका मुलुखाहून आले, आणि त्यांचे मुखे नवलाची गोष्ट कळली, की त्या मुलुखी शिकारी लोक प्लास्टिकची तोतया बदके पाण्यावर मांडून खऱ्या बदकांस भुलवितात, आणि ती उतरताच बंदुकीने मारितात. आपल्या मुलुखी मारणे कायद्याने बंद. सबब धनेशरावांनी मनसुबा ऐसा केला की भुलविणे तेवढे घ्यावे आणि मारणे सोडून द्यावे. मग प्रितेशरावांनी परत जाताच दोन डझन तोतये मोठ्या खोक्यात भरून रवाना केले, आणि तुळशीच्या लग्नासुमारे ती फौज बोर्डीस दाखल जाहली. डोकी हिरवीगार, मानेत पांढरी कडी, छाती तपकिरी. ऐसे बदक डहाणू प्रांती पूर्वी कोणी पाहिले नव्हते. मयूरीबाईंनी एक हाती घेऊन न्याहाळिले आणि इतकेच बोलिल्या, की चेहऱ्यावरून ही कोणाचे ऐकतील ऐसे वाटत नाही.

मग सुमुहूर्ते धनेशराव कमरेइतक्या पाण्यात उतरून मोर्चेबंदी करिते जाहले. सर्व तोतये सरळ रांगांत, समान अंतरावर, मुखे पश्चिमेस, सुतळीने विटांस बांधून उभे केले. दूरवरून पाहता कवायतीची पलटण भासे. दुसरे दिवशी थापट्या बदकांचा एक थवा उत्तरेकडून आला, तळ्यावर दोन घिरट्या घातल्या, खाली निरखून पाहिले, आणि सरकारी कचेरी उघडी दिसल्यावर माणसे जैशी पाऊल मागे घेतात तैसा उमरगावच्या बाजूस निघून गेला. उतरले ते भलतेच. एक पाणकावळा येऊन तोतयाचे पाठीवर पंख वाळवीत बसला, आणि एका खंड्याने दुसऱ्याचे डोके बळकावून तेथून मासे मारिले. सुतळी कुजली, आणि पलटणीतील कित्येक वीर उताणे पडून पोटे आभाळास दाखविते जाहले.

येणेप्रमाणे पहिली हार. मग धनेशराव मोबाइलवर अमेरिकी उस्तादांच्या चित्रफिती पाहून विद्या शिकते जाहले. त्यात मर्म ऐसे होते, की बदक वाऱ्यास तोंड देऊन उतरते. सबब तोतये अर्धचंद्राकार मांडावे, वाऱ्याच्या उताराकडील बाजू मोकळी ठेवावी, आणि त्या मोकळ्या दारातून खरी फौज आत यावी. विद्या उत्तम, परंतु ती जमिनीच्या मुलुखाची होती. बोर्डीस सकाळी वारा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. आणि दुपार होताच तो फिरून खारा होतो, समुद्रावरून वाडीत शिरतो. सबब सकाळी मांडिलेली चंद्रकोर दुपारी उलटी ठरे, आणि खाशा सरदारास रोज भर जेवणाचे वेळी पाण्यात उतरून एकेक तोतया फिरवावा लागे. ताटात भाकरी गार होई, कालवणावर साय धरे, आणि मयूरीबाई दारातून पाहत.

एके दिवशी त्या तळ्याकाठी येऊन बोलिल्या, "अहो, एक विचारू?"

"विचार ना."

"मी माहेरी गेले तर तुम्हाला कळेल का?"

 धनेशराव हातातील तोतया तैसाच तरंगत सोडून बाहेर आले आणि त्या दिवशी जेवले. परंतु जेवताना त्यांची नजर खिडकीतून माडांच्या झावळ्यांवर, वारा कोठून येतो हे पाहत होती, आणि हे मयूरीबाईंस दिसत होते.

मार्गशीर्ष लागला. पुढे दत्तजयंती होते न होते तो समुद्रातून ओखी नामे वादळ चालून आले. अवकाळी पाऊस, वारा दाही दिशांचा, चिकूची फळे झाडाखाली सडा, आणि भरतीचे पाणी खाडीतून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. धनेशराव वाडीतील मोडल्या फांद्या आवरीत दोन दिवस गुंतले. तिसरे दिवशी तळ्यावर जाऊन पाहतात तो विटा तळाशी आणि फौज नाहीशी. तळे ओढ्यात फुटले होते, ओढा खाडीत, आणि खाडी समुद्रात. धनेशराव बांधावर बसले. बाईसाहेबांनी मागील पडवीतून पाहिले आणि त्या आत गेल्या.  भराव कोठून आणावा याची चौकशी बाईसाहेबांनी त्याच आठवड्यात चालविली होती, हेही धनेशरावांचे कानी आले.

ऐसे असता व्हॉट्सअॅप नामे हरकारा मयूरीबाईंकडे एक तसबीर घेऊन आला. वरोर बंदरी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढील टोकावर, हिरव्या डोक्यांची बदके ओळीने बसविलेली, आणि खाली मजकूर की वादळात परदेशी पाहुणे सापडले, कोणाचे असतील तर घेऊन जावे. मयूरीबाईंनी तो निरोप नवऱ्यास दाखविला नाही. आधी वरोरास निरोप धाडिला, आणि मग दाखविला.

दुसरे दिवशी वरोरचे भीमा तांडेल, जे होडीचे नाखवा आणि समुद्राचे जुने जाणते, सुक्या बोंबलांच्या टेम्पोत तोतयांचा कबिला घालून वाडीत दाखल जाहले. ते बोलिले, "शेठ, ही तुमची पाखरं काय?"

"माझीच. कुठे सापडली?"

"आमच्या जाल्यात. म्हणलं मासलीच लय जड लागते. वर काढली त हे सगले तोंडाकडे बघतेत." मग विचारिते जाहले, "खायाची हायत का?"

"नाही हो. मांडायची."

तांडेल यांनी तळ्याकडे पाहिले, तोतयांकडे पाहिले, आणि घरी गणपती वर्षभर ठेवणारे लोकही असतात, तैसे हे, ऐशी मनाची समजूत करून घेतली. विटांच्या जागी जाळ्याचे शिसे आणि सुतळीच्या जागी नायलॉनची दोरी द्यावी, ऐसी कुमक त्यांनी आपण होऊन केली, आणि बदल्यात चिकूची पाटी घेऊन गेले. पाच तोतये परत आले नाहीत. ते गुजराथच्या किनाऱ्यास लागले की समुद्रास अर्पण जाहले, याचा दाखला मिळत नाही. जे आले त्यांचे अंगी सुक्या बोंबलांचा वास मुरला, तो मोहीम संपेतो गेला नाही.

फौज पुन्हा उभी राहिली तो दुसरे संकट. कोणी हेराने वनखात्यास इतला दिली, की चुरी यांचे तळ्यावर शिकारीचा सरंजाम मांडिला आहे. पौषात एके सकाळी वनरक्षक हेमालीताई दुचाकीवरून आल्या, आणि वाडीच्या कुंपणाआड उभ्या राहून बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिल्या. पक्षी परदेशी, दुर्मीळ, आणि कमालीचे शांत. शेवटी त्यांतील एक उताणे जाहले आणि तैसेच राहिले, तेव्हा त्या आत आल्या.

त्या बोलिल्या, "तुमच्याकडे बदकं भुलवायचं सामान आहे अशी खबर आहे."

"आहे," धनेशराव बोलिले.

"मारता?"

"नाही मॅडम. बोलावतो."

"बोलावून काय करता?"

धनेशरावांनी बांधाकडे बोट केले. मग ते बोलिले, "बघतो. काका दाखवायचे. पूर्वी यायची इथं."

"आता येतात?"

"नाही."

हेमालीताईंनी सर्व वाडी फिरून पाहिली, बंदूक नाही, फास नाही, पिंजरा नाही. कायद्यात मारण्यास, पकडण्यास, छेडण्यास मनाई आहे. न येणाऱ्यास बोलाविण्याबद्दल कलम त्यांस आठवेना. सबब त्यांनी समज दिली की तोतये खुशाल ठेवावे, परंतु खऱ्यांस त्रास होईल ऐसे काही करू नये. बाईसाहेब ओटीवरून मध्येच बोलिल्या, "बाय, खरी येऊ तर देत. मग त्रास." चहा घेऊन ताई निघाल्या.

मग संक्रांत आली. संक्रांतीचे तिसरे दिवशी मयूरीबाईंनी हळदीकुंकू केले, आणि पुढील खोल्या आणि ओटी गावच्या बायकांनी भरून गेली. याच घरी हिरकणीबाईंनी चाळीस वर्षे हळदीकुंकवे मांडिली. कोणी कोठे बसावे, कोणास कोणाशेजारी बसवू नये, हे त्यांचे बोटांवर होते. यजमान गेले त्या वर्षापासून त्या रूढीप्रमाणे आपण होऊन मागील पडवीत बसत. कोणी त्यांस उठ म्हटले नव्हते आणि कोणी ये म्हटले नव्हते. पुढून बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज येत होते. मागे तळे होते, आणि तळ्यात धनेशराव खाऱ्या वाऱ्याप्रमाणे चंद्रकोर फिरवीत होते.

बाईसाहेब बराच वेळ पाहत बसल्या. मग त्यांस ते सहन होईना. लुगड्याचा ओचा खोचून त्या बांधावर आल्या आणि बोलिल्या, "हे काय शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारखं केलंयस?"

"काकी, अशीच मांडतात. वाऱ्याचा हिशोब असतो."

"वारा ठेव वाऱ्यापाशी. आधी निम्म्या बाहेर काढ. एवढ्या बायका एका घरात मावतात का?"

धनेशरावांनी निम्मे तोतये बाहेर काढिले. मग बाईसाहेब बांधावर उभ्या राहून हात करून सांगत्या जाहल्या, आणि ते पाण्यात फिरत राहिले. "त्या दोघींना तोंडाला तोंड लावून ठेव. त्या बोलतायत. तिला जरा बाजूला कर, ती ऐकतेय पण ऐकत नाही असं दाखवतेय. ती कोपऱ्यातली रुसलेली, तिची पाठ फिरव. अजून. हां. या तिघी उथळात घाल, त्या खायला बसल्यात. आणि मधली जागा मोकळी सोड."

"किती?"

"पुष्कळ. बाई दारात आली की तिला आधी बसायची जागा दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती दारातूनच घाई आहे म्हणते आणि जाते. मी चाळीस वर्षं बघितलंय."

 धनेशरावांनी वर पाहिले. बाईसाहेब घराकडे पाठ करून उभ्या होत्या. मग त्यांनी फर्माविले की काठ इतके उभे ठेवू नयेत, येणाऱ्यास पाय टेकावयास उतार लागतो. आणि दोन दिवस खपून धनेशरावांनी एका बाजूचा काठ फावड्याने उतरता केला.

त्यानंतर रथसप्तमीस थोडेच दिवस उरले असता, सूर्य नुकता माडांवर आला ते समयी, धनेशराव एक उताणा तोतया सुलटा करण्यास छातीभर पाण्यात उतरले होते, आणि बाईसाहेब बांधावर बसून दातांस मिश्री लावीत होत्या, तो आभाळातून पंखांचा आवाज जाहला. बाईसाहेबांनी मिश्रीचे बोट तैसेच वर करून हलू नको ऐशी खूण केली. धनेशराव जेथे होते तेथे गळ्यापर्यंत खाली बसले, आणि हातातील तोतया डोक्याशेजारी धरून राहिले. थवा एकवार फिरला, दोनवार फिरला, आणि मग पाय पुढे टाकून, पाणी चिरीत, बरोबर मधल्या मोकळ्या जागेत उतरला. चोचीच्या टोकास पिवळी हळद, मुळाशी तांबडे कुंकू. हळदीकुंकू बदके, जी काकांच्या वेळी येत, तीच जात.

पाणी माघातले, गार. धनेशरावांचे दात वाजू लागले ते त्यांनी जीभ मध्ये घालून थांबविले. एक बदक पोहत पोहत त्यांच्या तोंडासमोर आले, मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिले, आणि हाही त्यांतलाच ऐसा निर्णय करून पाण्यात चोच घालिते जाहले. मयूरीबाई चहाचा कप घेऊन आल्या त्या बांधाच्या पायरीवरच खिळल्या.

धनेशराव ओठ न हलविता बोलिले, "काकी, थंडी वाजतेय."

बाईसाहेब तळ्याकडे पाहतच हळू आवाजात बोलिल्या, "बस तसाच. पाहुणे आपण होऊन उठेपर्यंत यजमानानं उठायचं नसतं."

मग धनेशराव बसले. ऊन चढले, कपातील चहा मयूरीबाईंनी बाईसाहेबांस दिला, बाईसाहेबांनी तो मिश्री थुंकून निवांत प्यायला, आणि बदके चरत राहिली. खारा वारा सुटला तेव्हा ती आपण होऊन उडाली. धनेशरावांस दोघींनी हात धरून वर ओढिले तेव्हा ते निळे पडले होते आणि रडत होते. थंडीने की कशाने, हे कोणी विचारिले नाही. दुसरे दिवशी बदके पुन्हा आली, तेव्हा ते अंथरुणात तापात होते, आणि खिडकीतून पाहत होते.

रथसप्तमीस गावच्या बायकांनी आपण होऊन हट्ट धरिला की हळदीकुंकू तळ्याकाठी करावे, बदके पाहावी. मयूरीबाईंनी सतरंज्या बांधावर टाकिल्या आणि सासूबाईंस येऊन विचारिले, "काकी, कोणाला कुठं बसवू? मला नाही जमत." हिरकणीबाई उठल्या. त्यांनी हात करून एकेकीस बसविले, रुसलेलीस कडेस, बोलणारींस तोंडासमोर. सर्व बसल्या, आणि सतरंजीवर मध्ये एक जागा उरली. मयूरीबाईंनी त्यांचा हात धरून त्यांस तेथे बसविले, आणि इतरांसारखे वाण, म्हणजे झाकणाचा एक डबा, त्यांचे ओटीत ठेविले. पलीकडची एक वृद्धा काही बोलू पाहत होती. बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, आणि ती तिळगूळ चघळू लागली.

येणेप्रमाणे फाल्गुन लागला, होळी दोन दिवसांवर आली, आणि करंजतळ्यावर बदके नांदत असता बाईसाहेबांनी तह फर्माविला, त्याची कलमे ऐसी: तळे आहे तेथे राहील, भरावाचा बेत रद्द, धनेशने बोईसरास जाऊ नये, परंतु जेवणाचे वेळी पाण्यात उतरू नये, आणि तोतयांची मांडणी यापुढे ओटीवरील हुकुमाने होईल. हा तह उभयपक्षी मान्य जाहला. फत्ते जाहली ती करंजतळ्याचे नावे दाखल केली असे.

होळीचे आदले दिवशी ठाण्याहून पाहुणे आले, आणि बांधावर मोठमोठे कॅमेरे उभे करून बसले. रानातली बदके समोर डोलत होती. परंतु सर्व कॅमेरे एकाच दिशेस वळले होते, कोपऱ्यात, जेथे पाठ फिरवून रुसलेली बसली होती. पाहुण्यांतील एक गृहस्थ मान हलवीत बाईसाहेबांजवळ येऊन बोलिले, "आजी, ती हिरव्या डोक्याची फारच वेगळी आहे. कुठून येते ती?"

धनेशराव पुढे होऊन खरे सांगणार, इतक्यात बाईसाहेबांनी त्यांस डोळ्याने थांबविले.

"ती होय," बाईसाहेब बोलिल्या. "ती घरचीच. जरा रागीट आहे."